झोळी चाळीस घरांची

मेफिस्टो हा राक्षस मरतो तेव्हा बराच कल्लोळ होतो, पण ‘डायब्लो २’ या संगणक-खेळात मुरलेल्या खेळाडूचे त्याकडे लक्ष नसते. अंगठी फरशीवर पडल्याची ‘टिंग’ ऐकू येते का, एवढ्यासाठी त्याने कान टवकारलेले असतात. मग ऑल्ट की दाबायची, की जमिनीवर पडलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव पडद्यावर उमटते. पांढऱ्या नावांकडे तो बघत नाही, निळ्यांवरून नजर फिरवतो आणि सोनेरी अक्षरांवर थांबतो: ‘सर्पंटस्किन आर्मर’. चिलखत अजून ओळखलेले नाही, तरी ते काय निघणार हे त्याला ठाऊक आहे, कारण त्या बनावटीचे ‘युनिक’ चिलखत गेममध्ये एकच आहे. तो क्लिक करतो. चिलखत हवेत उडी मारून पुन्हा खाली पडते आणि नायिका कुरकुरते, की आणखी काही उचलणे तिला जमणार नाही.

पण झोळीत तर आठ घरे रिकामी दिसतात आणि चिलखताला लागतात सहा. मग अडले कुठे?

ही झोळी म्हणजे दहा रकाने आणि चार ओळींचा पट, एकूण ४० घरांचा. आपल्या खेळाडूने डावीकडच्या सहा रकान्यांत सहा मोठे ताईत उभे लावले आहेत, प्रत्येक एक रकाना रुंद आणि तीन घरे उंच. त्यांच्या खाली उरलेल्या ओळीत सहा छोटे ताईत आहेत. सातव्या रकान्यात मंत्रांची दोन पुस्तके एकावर एक ठेवली आहेत. आठव्या-नवव्या रकान्यात, वरच्या बाजूला, होराड्रिक क्यूब नावाचा डबा आहे, दोन बाय दोनचा. क्यूबखालची चार घरे आणि दहाव्या रकान्यातली चार, अशी आठ घरे मोकळी आहेत, पण त्यांचा आकार कोपऱ्यात वळलेला आहे. चिलखताला दोन रुंद आणि तीन उंच असा सलग आयत हवा, आणि तो या कोपऱ्यात बसत नाही. आता यातली एकही वस्तू न टाकता क्यूब एक घर डावीकडे सरकवायचा आणि दोन्ही पुस्तके त्याच्या खाली शेजारी-शेजारी उभी करायची. सातवा-आठवा रकाना गच्च भरतो, नववा-दहावा पूर्ण मोकळा होतो. मोकळी घरे अजूनही आठच आहेत, पण चिलखत अलगद आत जाते आणि वर एका कमरपट्ट्याची किंवा दोन अंगठ्यांची सोय राहते.

गणितात अशा प्रश्नांना पॅकिंगचे प्रश्न म्हणतात. आकडे वाढले की संगणकालाही ते घाम फोडतात. ‘डायब्लो’च्या खेळाडूंनी ते लाखो वेळा सोडवले, तेही आजूबाजूला सांगाडे फिरत असताना. या पटावर वस्तू आडवी करता येत नाही. २००५ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये बंदूक फिरवून आडवी ठेवता येते आणि तिथली सुटकेस लावत बसणे हा खेळातला एक वेगळाच आनंद आहे. ‘डायब्लो’त भाला उभा तो उभाच राहतो. दोन बाय चारचे पाच भाले घेतले की झोळी संपली. चिलखते पाच घेतली तर त्यांच्याखाली एक घर उंचीची पट्टी उरते. तिच्यात अंगठ्या, ताविजे, रत्ने, औषधाच्या बाटल्या आणि आडवे कमरपट्टे मावतात. साधी सुरीसुद्धा दोन घरे उंच असल्यामुळे मावत नाही.

वस्तूला वजन नाही, फक्त आकार आहे, ही कल्पना तशी नवी होती. कागद-पेन्सिलवरच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये ओझे चक्क सोन्याच्या नाण्यांत मोजत, दहा नाण्यांचा एक पौंड. हिशेब इतका किचकट होता, की बहुतेक मंडळी तो सोडूनच देत. संगणकावरच्या ‘नेटहॅक’मध्ये प्रत्येक वस्तूला इंग्रजी वर्णमालेतले एक अक्षर मिळते, लहान लिपीतली २६ आणि मोठ्या लिपीतली २६, म्हणजे ५२ अक्षरे. त्यावर वजनाची मर्यादा आहेच. तिथे झोळी ही वाचायची यादी होती. तिचे चित्र करण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते, त्यांत १९९४ चा ‘एक्स-कॉम’ ठळक आहे. त्यातल्या सैनिकाच्या पाठीवरची पिशवी घराघरांची होती आणि तिच्यातून हातबॉम्ब काढायचा तर चालीतला वेळ खर्ची पडे.

कॅलिफोर्नियात डेव्हिड ब्रेव्हिक आणि मॅक्स व एरिक शेफर हे दोघे भाऊ ‘काँडोर’ नावाची छोटी कंपनी चालवत होते. पुढे ती ब्लिझार्डने घेतली आणि तिचे नाव ‘ब्लिझार्ड नॉर्थ’ झाले. ‘एक्स-कॉम’च्या तिरप्या कोनातल्या पटावरून ‘डायब्लो’चे दृश्य सुचले, हे ब्रेव्हिकने जाहीरपणे सांगितले आहे. त्यांचा मूळ बेत चालीचालीने खेळायच्या खेळाचा होता: तुम्ही एक चाल करा, मग राक्षस करील. ब्लिझार्डच्या आग्रहाखातर ब्रेव्हिकने एका दुपारी तो सलग चालणारा करून पाहिला, आणि माउसच्या एका क्लिकने सांगाडा कोसळल्याबरोबर वाद मिटला. मात्र चालीच्या खेळातली शांत, विचार करायला लावणारी एक जागा या धावपळीतही शिल्लक राहिली, ती म्हणजे झोळी. बाहेर बोट क्लिक करून दुखते. झोळी उघडली की डोके चालवावे लागते.

१९९६ सरता सरता पुरा झालेला पहिला ‘डायब्लो’ या बाबतीत फारच कंजूष होता. झोळी तीच ४० घरांची, पण सोनेसुद्धा तिच्यातच ठेवायचे. एका घरात जास्तीत जास्त ५,००० नाणी मावत. म्हणजे श्रीमंत व्हावे तितकी झोळी भरत जाई, आणि चाळीसही घरे सोन्याने भरली तरी दोन लाखांवर मजल जात नसे. सामान ठेवायला पेटी किंवा कोठार काहीच नव्हते. मग एकट्याने खेळणाऱ्यांनी ट्रिस्ट्रम गावचा चौकच वखार केला. विहिरीच्या आसपास गवतावर सोन्याच्या राशी, तलवारी, शिरस्त्राणे ओळीने मांडलेली असत. जमिनीवर टाकलेली वस्तू गेम सेव्ह केल्यावर जागच्या जागी राहते, हे एकदा कळले की झाले. गावात चोर नव्हते. मात्र नायकाला गावात धावता येत नसे, त्यामुळे आपल्याच मालातून संथपणे चालत हवे ते शोधणे यात बराच वेळ जाई.

जून २००० मध्ये आलेल्या ‘डायब्लो २’ने यातल्या कटकटी काढल्या आणि त्यांच्या जागी जास्त चांगल्या अडचणी दिल्या. सोने आता निव्वळ आकडा झाले. गावात लाकडी पेटी आली, पण सहा बाय चारची, म्हणजे २४ घरांची. औषधे कमरपट्ट्यात लावायची सोय झाली. पट्टा जितका भारी तितक्या ओळी जास्त, आणि चांगल्या पट्ट्यात १६ बाटल्या राहतात. गावात परतण्याच्या मंत्राच्या गुंडाळ्या पुस्तकात भरता येतात. दोन घरांच्या त्या पुस्तकात २० गुंडाळ्या बसतात. सुट्या ठेवल्या असत्या तर अर्धी झोळी गेली असती.

सगळ्यात सुंदर गोष्ट होराड्रिक क्यूबची. दुसऱ्या अंकात वाळवंटाखालच्या ‘हॉल्स ऑफ द डेड’मध्ये हा डबा सापडतो. कथेत त्याचे काम एका काठीचे दोन तुकडे जोडण्याचे आहे. खेळाडू त्याला ठेवून घेतात ते वेगळ्या कारणाने: बाहेरून तो चार घरे अडवतो आणि आत १२ घरे देतो. आठ घरांचा निव्वळ नफा! क्यूबमध्ये क्यूब ठेवता आला असता तर सगळा खेळच आटोपला असता, म्हणून ती पळवाट बुजवलेली आहे. शिवाय हा डबा जागा वाचवणारे यंत्रही आहे. एकाच जातीची आणि प्रतीची तीन रत्ने आत टाका, वरच्या प्रतीचे एक बाहेर येते. रत्नांच्या जाती सात आणि प्रती पाच. सर्वांत खालच्या प्रतीच्या ८१ तुकड्यांतून एक सर्वोत्तम रत्न बनते. जीव वाचवणाऱ्या जांभळ्या औषधाच्या तीन छोट्या बाटल्या टाकल्या की एक मोठी मिळते. खेळाडू क्यूबकडे शक्तीसाठी जातात असे वाटते. प्रत्यक्षात बरेचदा ते केवळ दोन घरे मोकळी व्हावीत म्हणून जातात.

मग २००१ मध्ये ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ हा पुढचा भाग आला. त्याने पेटी दुप्पट केली, ४८ घरांची. लोक खूश झाले. पण त्याच भागात ‘रून’ नावाचे मंत्राक्षरांचे दगड आले, ३३ प्रकारचे. ३३ रून आणि ३५ रत्ने यांचा एकेक नग जपायचा म्हटले तरी ६८ घरे लागतात. दुप्पट झालेली पेटी पहिल्या दिवसापासून अपुरी होती. आणि शिवाय आले ताईत.

ताईत ही या खेळाच्या रचनाकारांची सगळ्यात खोडसाळ आणि, माझ्या मते, सगळ्यात हुशार कल्पना. तलवार हातात घ्यावी लागते, टोप डोक्यावर. ताईत नुसता झोळीत असला की पुरे, तो आपले काम करतो. कोणी जीवनशक्ती वाढवतो, कोणी थंडी-आगीपासून राखतो, कोणी मौल्यवान वस्तू पडण्याची शक्यता वाढवतो, तर मोठे ताईत एखाद्या विद्याशाखेतल्या सगळ्या कौशल्यांना एकेक पायरी चढवतात. पेटीत ठेवलेला ताईत मात्र निरुपयोगी. उभे तीन घरांचे दहा आणि त्यांखाली एकेका घराचे दहा ताईत लावले की ४० घरांचा पट काठोकाठ भरतो. नायक कमालीचा बलवान होतो, पण त्याला जमिनीवरची एक अंगठीसुद्धा उचलता येत नाही. तोवर रिकाम्या जागेला किंमत नव्हती, आता तिला भाव आला. लूट आणायला सोडलेले प्रत्येक घर म्हणजे सोडून दिलेली तेवढी ताकद. कोण किती घरे मोकळी ठेवतो यावरून त्याचा स्वभाव कळतो, असे जुने खेळाडू म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.

उचलायचे काय, हा निर्णयही दिसतो तितका सोपा नाही. निळ्या नावाची जादुई वस्तू, पिवळ्या नावाची दुर्मीळ, हिरवी संचातली, सोनेरी ‘युनिक’. यातली कुठलीही वस्तू आधी ओळखून घ्यावी लागते. त्यासाठी मंत्राची गुंडाळी खर्चायची किंवा गावात डेकार्ड केन या म्हाताऱ्याकडे जायचे. पहिल्या अंकात त्याला ट्रिस्ट्रमच्या पिंजऱ्यातून तुम्ही स्वतः सोडवले असेल तर तो फुकट सांगतो, नाहीतर नगामागे १०० नाणी घेतो. नव्या खेळाडूची समजूत अशी होते, की रंग जितका झगमगीत तितका माल भारी. पुढे त्याला कळते, की कोपऱ्यातली करड्या अक्षरांची साधी ढाल सगळ्यांआधी उचलायची होती. ढालीला चार भोके असतील आणि त्यांत ताल, थुल, ऑर्ट, आम्न हे रून याच क्रमाने बसवले तर ‘स्पिरिट’ ही अशी ढाल तयार होते, की तिच्यापुढे बहुतेक सोनेरी ढाली फिक्या पडाव्यात. अट एकच: ढाल मुळात बिनजादूची हवी. २००३ च्या १.१० या सुधारित आवृत्तीनंतर अशा ‘रूनवर्ड’चे पेव फुटले आणि इतके दिवस लाथाडलेल्या करड्या वस्तूंसाठी पेट्यांमध्ये जागा होऊ लागली.

माणसे एकमेकांशी देवघेव करू लागली तेव्हा या चाळीस घरांनी आणखी एक गंमत केली. ‘डायब्लो २’तले सोने व्यापारात कोणी घेईना. एक तर ते नायकाच्या पातळीमागे १०,००० इतकेच बाळगता येते, म्हणजे ९९ व्या पातळीलाही दहा लाखांच्या आतच. दुसरे, मेल्यावर त्यातले काही जाते. तिसरे म्हणजे दुकानदारांकडे घेण्याजोगे फारसे काही नसते. मग चलन कशाचे करायचे? हे कुणी ठरवले नाही, पण बाजाराने उत्तर शोधले: ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची अंगठी. सर्व कौशल्यांत एक पायरी वाढ आणि वर भरपूर माना (मंत्रशक्ती), त्यामुळे ती जवळजवळ प्रत्येक जादूगाराला हवी. ती दुर्मीळ, प्रत्येक नग सारखाच, म्हणून मोलभाव करताना पारखत बसायला नको. आणि मुख्य म्हणजे ती एकाच घरात मावते. ‘विंडफोर्स’सारखे धनुष्य कितीही मोलाचे असो, आठ घरे अडवणारी वस्तू चलन होऊ शकत नाही. सुटे पैसे म्हणून सर्वोत्तम प्रतीची रत्ने चालत, तीही एकाच घराची.

चलन म्हटले की खोटे नाणे पाडणारेही आले. सर्व्हरमधल्या फटी शोधून अंगठ्यांच्या नकला काढल्या गेल्या आणि बाजारात ‘जॉर्डन’चा महापूर आला. ब्लिझार्डने नकला पुसून टाकण्याचे उपाय केलेच, पण १.१० मध्ये एक नामी युक्तीही केली. या अंगठ्या दुकानदाराला विकल्या, की त्यांचा आकडा सर्वांना पडद्यावर दिसतो. ठरावीक आकडा झाला की डायब्लो या राक्षसाचे एक भयंकर रूप पृथ्वीवर अवतरते, आणि त्याला मारणाऱ्याला ‘अॅनाहिलस’ नावाचा ताईत मिळतो. हा ताईत एकाच घराचा आणि एका वेळी एकच बाळगता येणारा. खोटे-खरे पाहत बसण्यापेक्षा लोकांनीच अंगठ्या बाजारातून स्वखुशीने काढून टाकाव्यात अशी ही सोय होती. रिझर्व्ह बँकेतल्या एखाद्या जुन्या अधिकाऱ्यालाही ती आवडावी. पुढे रूनच मोठ्या व्यवहारांचे चलन झाले. तेही एका घराचेच.

पेटी भरून वाहू लागली की खेळाडू नवे पात्र तयार करीत. लढायला नव्हे, नुसते सामान सांभाळायला. घरातल्या माळ्यासारखी ही पात्रे असत आणि त्यांना ‘म्यूल’, म्हणजे खेचर, म्हणत. एकावर फक्त रून, दुसऱ्यावर संचांचे तुकडे, तिसऱ्यावर ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या वस्तू. ऑनलाइन खेळात या पात्रांकडे माल पोचवण्याची रीत काळजाचा ठोका चुकवणारी होती. पासवर्ड लावून नवा गेम उघडायचा, गावात जमिनीवर माल टाकायचा, बाहेर पडायचे आणि घाईघाईने म्यूलचे पात्र घेऊन त्याच गेममध्ये परत यायचे. रिकामा गेम काही मिनिटेच जिवंत राही. तेवढ्यात इंटरनेट गेले की महिन्यांची कमाई बुडाली. म्हणून लोक विश्वासू मित्राला मध्ये उभा करीत, आणि ‘विश्वासू’ या शब्दावरून किती भांडणे झाली असतील ते विचारू नका. वर आणखी नियम होता, की ९० दिवस न वापरलेले पात्र सर्व्हरवरून पुसले जाते. म्हणून केवळ हजेरी लावण्यासाठी लोक आपल्या म्यूलना अधूनमधून गेममध्ये फिरवून आणीत. एकट्याने खेळणाऱ्यांनी मात्र या कटकटीतून सुटका करून घेतली. त्यांच्यासाठी ‘अॅटमा’ आणि मग ‘गोम्यूल’ असे वेगळे प्रोग्रॅम निघाले, ‘प्लगवाय’ने तर पेटीला पानेच पाने जोडली.

इतर कंपन्यांनी हे सगळे बारकाईने पाहिले. २००२ च्या ‘डंजन सीज’मध्ये खेळाडूंची बोली शब्दशः खरी झाली: सामान वाहायला खरोखरचे खेचर तुमच्यामागून चालते. २००९ च्या ‘टॉर्चलाइट’मध्ये, ज्याच्या मागे पुन्हा शेफर बंधूंचा हात होता, सोबतच्या कुत्र्याला किंवा मांजराला नको असलेल्या वस्तू देऊन गावात पाठवता येते, ते विकून पैसे घेऊन परत येते. न्यूझीलंडच्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ने २०१३ मध्ये मोकळ्या जागेचाच धंदा केला. खेळ फुकट, झोळी बारा बाय पाचची, पण पेटीची जादा पाने विकत घ्यायची. लूट तर इतकी पडते, की कुठले नाव दाखवायचे आणि कुठले लपवायचे याच्या नियमांच्या फाइली खेळाडू स्वतः लिहितात आणि एकमेकांना देतात.

ब्लिझार्डने स्वतः मात्र हळूहळू माघार घेतली. २०१२ च्या ‘डायब्लो ३’मध्ये वस्तू एका किंवा दोन घरांच्याच राहिल्या, आणि ‘डायब्लो ४’मध्ये तर अंगठी आणि परशू दोन्ही एकेकच घर घेतात. व्यवस्थापन सोपे झाले, यात शंका नाही. मला ते रुक्ष वाटते. परशू उचलताना काहीतरी सोडावे लागते, हे आता पटावर दिसतच नाही. उरते फक्त मोजणी.

२०२१ मध्ये ‘डायब्लो २’ नव्या रूपात आला, ‘रिझरेक्टेड’ या नावाने. सोने आता नुसते त्यावरून चालत गेले तरी गोळा होते. प्रत्येक पात्राची पेटी दहा बाय दहाची झाली आणि शिवाय सगळ्या पात्रांना सामाईक अशी तीन पाने मिळाली, त्यामुळे म्यूलच्या भानगडी बऱ्याच कमी झाल्या. ताईतांसाठी वेगळी जागा द्या, अशी मागणी अनेकांनी लावून धरली होती. झोळीला मात्र कुणी हात लावला नाही. ती अजूनही दहा बाय चारचीच आहे आणि ताईत तिच्यातच ठेवावे लागतात.